चार बोटं जमीन

मुलगी : म्हणजे सकाळी आठपासून तुम्ही आत आहात.

वडील : साडेसातपासून. आठला गुडघा धरला.

मुलगी : आणि आता वाजलेत अडीच.

वडील : घड्याळ आहे मला इथे. स्टेशनावर.

मुलगी : ते तुमच्या खेळण्यातल्या रेल्वेचं, रंगवलेलं आहे, बाबा. मोहरीएवढं. त्यात कायम सव्वानऊ वाजलेले असतात. फोन कुठे आहे तुमचा?

वडील : स्वयंपाकघरात. वाजत होता मघापासून. एकोणीस वेळा वाजला.

मुलगी : सोळा वेळा मी केला.

वडील : मग तीन मास्तरांचे असतील. ते येणार आहेत चारला, तपासणीला.

मुलगी : अर्धी रजा टाकून वॉर्डातून धावत आलेय मी. शेजारून किल्ली घेतली. जिना चढताना मला वाटलं...

वडील : काय वाटलं?

मुलगी : काही नाही. हे पाणी घ्या.

वडील : डोंगरावरून नको. बोगद्याच्या अंगानं दे. सांडेल. हं.

मुलगी : काही खाल्लंत?

वडील : खिशात बिस्किटं होती.

मुलगी : आणि दुसरी सोय?

वडील : रंगाची बाटली होती एक. रिकामी.

मुलगी : बाबा.

वडील : तू विचारलंस म्हणून सांगितलं.

मुलगी : टेबलाखालून नाही का सरकता येणार?

वडील : गेले आठ दिवस तसाच ये-जा करतोय. खाली बसायचं, घासत घासत सरकायचं, तिकडे दाराशी डोकं काढायचं. आज आत येऊन उभा राहिलो, जरा वेळानं खाली वाकायला गेलो तर गुडघ्यात कट्‌ झालं. तेव्हापासून वाकत नाही. या स्टुलावर टेकतो, उठतो. तेवढंच.

मुलगी : पण मुळात टेबलाखालून कशाला? फळी आहे ना उचलायची. थांबा. फळी कुठे गेली?

वडील : तुझ्यासमोरच आहे.

मुलगी : दारातून आलं की समोरच होती. दोन हात रुंद. वर नदी, नदीवर पूल. पूलबील सगळं उचललं जायचं आणि तुम्ही बाहेर यायचात. तिची भेग दिसायची इथे.

वडील : बुजवली.

मुलगी : कशानं?

वडील : तुझ्याच पट्ट्यांनी. त्या प्लास्टरच्या. तीन गुंडाळ्या उरल्या होत्या कपाटात.

मुलगी : मी आईला वॉर्डातून उरलेल्या पट्ट्या आणून द्यायचे त्या डोंगर करायला. तुम्हाला कोंडून घ्यायला नाही.

वडील : कोंडून घेतलं नाही. भेग दिसत होती ती झाकली.

मुलगी : आणि वरून माती, गवत, दगड.

वडील : सगळं. बघ ना, दिसतंय कुठे? बिजागरीकडची भेग बोगद्यात लपते, तिचा प्रश्न नव्हता. ही इकडचीच डोळ्यांत खुपायची. आता आख्ख्या खोलीभर जमीन एकसंध आहे. कुठेही तुटत नाही.

मुलगी : म्हणूनच बाहेर येता येत नाही.

वडील : हो. ते आहे.

मुलगी : चौतीस वर्षं लिफ्टी दुरुस्त करत होतात तुम्ही. लोकांना बाहेर काढायचात. तुमच्या हातची एक लिफ्ट मधेच अडकली नाही म्हणून सांगायचात.

वडील : नाहीच अडकली. दुसऱ्यांच्या अडकायच्या.

मुलगी : अडकलेल्या माणसाला काय सांगायचात तुम्ही?

वडील : दम धरा, आत हवा येते, दाराला लाथा मारू नका.

मुलगी : आणि ते काय म्हणायचे?

वडील : शिव्या द्यायचे.

मुलगी : मग मी पण देणार आहे. आधी तुम्हाला बाहेर काढते. ती बारीक करवत तुमच्याजवळच आहे ना? त्या डब्यात?

वडील : आहे.

मुलगी : सकाळपासून तुमच्याजवळ आहे?

वडील : हाताशीच.

मुलगी : मग सकाळीच का नाही कापलंत?

वडील : चारला मास्तर येणार आहेत. सातवं सर्टिफिकेट आज आहे.

मुलगी : तुम्ही सर्टिफिकेटसाठी सहा तास...

वडील : सहा झालीत. भिंतीवर बघ. रुळांचं, वायरिंगचं, इंजिनाचं, सगळी आहेत. देखाव्याचं तेवढं राहिलंय. सात झाली की आपलं छोट्या रेल्वेवाल्यांचं मंडळ उस्ताद म्हणतं. पितळी बिल्ला देतात. आपल्या मंडळात आजवर चारच उस्ताद झालेत, त्यातले दोन वर गेले.

मुलगी : मला माहीत आहे. सतरा वर्षं ऐकतेय.

वडील : तो सातवा खिळा तुझ्या आईनं ठोकलाय. सर्टिफिकेट नाही आणि खिळा आधी. मी म्हटलं, अगं, हसतील लोक. म्हणाली, भिंतीला सवय होऊ दे.

मुलगी : आठवतं. माझ्या खोलीची भिंत होती ती.

वडील : तू लग्न करून गेलीस त्यानंतर.

मुलगी : तीन आठवड्यांनी. मी पहिल्यांदा माहेरी आले तर माझ्या पलंगाच्या जागी स्टेशन.

वडील : स्टेशनाला तुझं नाव दिलं होतं आम्ही.

मुलगी : झोपले मी बाहेर, सतरंजीवर.

वडील : चहा तुला पलंगावर मिळायचा तसाच मिळाला ना सतरंजीवर? मग झालं तर.

मुलगी : बाबा, द्या ती करवत. माझं कामच आहे हे. दिवसाला आठ-दहा प्लास्टरं कापते मी. खाली माणसाची कातडी असते तरी ओरखडा येत नाही. तुमच्या डोंगराचं काय घेऊन बसलात?

वडील : मास्तरांनी बघितलं की काप.

मुलगी : आणि त्यांनी बघितलं की म्हणाल, फोटो काढू दे. मग म्हणाल, मंडळाला बघू दे. आठ महिने झाले, बाबा. आई गेल्यापासून तुम्ही या खोलीतच आहात. आज गुडघ्यानं फक्त कबूल केलं.

वडील : माझ्याकडे या म्हणून सांगायला आली असशील तर आधीच सांगतो. हे हलत नाही. भिंतीला धरून बांधलंय.

मुलगी : मी आज ते बोललेच नाही.

वडील : बोलणार होतीस.

मुलगी : बोलणार होते. तुम्हाला ठाऊक आहे ना, प्लास्टर किती दिवस ठेवतात? सहा आठवडे. मग काढायचंच असतं. काढलं नाही तर आतला पाय आखडतो. लोक रडतात काढताना. म्हणतात, राहू द्या, सवय झालीये.

वडील : ते वेगळं.

मुलगी : काय वेगळं?

वडील : तुला सांगू? तू कापायला भीत नाहीस, कारण तुझं काही जात नाही. हा सगळा डोंगर तिचा आहे. नदी तिची. झाडं तिची. रूळ तेवढे माझे. ती म्हणायची, रूळ तुमचे, जमीन माझी. आता त्या जमिनीला मी माझं प्लास्टर जोडलंय. आठ दिवस खपून असं मिसळलंय, की तिचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते आता मलाच कळत नाही. मी इथून आतून बघतो तर सगळं एकच दिसतं. करवत कुठे घालू? बोटभर चुकली तरी तिचा तुकडा पडेल. आणि तिचं आता नवीन व्हायचं नाही.

मुलगी : म्हणून सकाळी कापलं नाहीत.

वडील : म्हणून.

मुलगी : आणि सर्टिफिकेट?

वडील : ते पण. दोन्ही.

मुलगी : पण बाबा, देखाव्याचं सर्टिफिकेट. देखावा आईचा. फॉर्मवर काय लिहितात?

वडील : सर्व काम अर्जदाराच्या हातचं.

मुलगी : आणि तुम्ही सही केलीत?

वडील : तिचीच इच्छा होती. मंडळात नाव घाल म्हणून मी तिला दहादा सांगितलं. म्हणायची, मला कशाला बिल्ला, मी काय कंडक्टर आहे? तुम्हीच घ्या. जमीन काय माझ्या नावावर करून घ्यायचीये मला?

मुलगी : भेग बुजवा असं पण म्हणाली होती?

वडील : नाही. ते नव्हती म्हणाली. मंडळाचे लोक एकदा बघायला आले होते. त्यातला एक म्हणाला, वहिनी, देखावा झकास, पण मधे भेग दिसते, मार्क जातील. ती म्हणाली, भेग नाही ती. दार आहे.

मुलगी : आणि त्या दाराची कडी बाहेरून.

वडील : तिचीच अट. म्हणाली, दिवसभर आत बसाल, जेवायची शुद्ध राहायची नाही. मी बाहेरून उघडीन तेव्हा यायचं. कडी लावून बाजारात जायची. मी म्हणायचो, नवऱ्याला तुरुंगात टाकलंस. म्हणायची, तुरुंगात कुणी शीळ घालत नाही.

मुलगी : तुम्ही शीळ घालायचात?

वडील : घालत असेन. तिला ऐकू यायची.

(दारावरची घंटा वाजते. मुलगी जाते आणि मास्तरांना घेऊन येते.)

मास्तर : काय हो लिफ्टवाले, तीनदा फोन केला, उचलत नाही. म्हटलं तासभर आधीच जावं.

वडील : या मास्तर. बसा असं म्हणायची सोय नाही. खुर्ची बाहेर आहे.

मुलगी : काका, ते अडकलेत. सकाळपासून. येण्याजाण्याच्या फळीवर त्यांनी जमीन केलीये आणि खालून यायला वाकता येत नाही.

मास्तर : दारावर जमीन केलीत?

वडील : भेगेचे मार्क जातात ना.

मास्तर : दहापैकी चार जातात. चार मार्कांसाठी. चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, तीस वर्षं मंडळात तपासनीस आहे. एकानं स्वतःची बाही डोंगरात चिकटवलेली पाहिलीये. हे पहिल्यांदाच.

मुलगी : तुम्ही आधी त्यांना कापू द्यायला सांगा.

वडील : आधी तपासणी. मास्तर, तुम्ही तुमचं काम करा. इतका वेळ थांबलो, अजून अर्धा तास काय.

मास्तर : दुसरे तपासनीस नाहीत आज. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. मी एकटाच. बॅटरी धर गं जरा. अशी, तिरकी. हं.

मुलगी : दिसतंय?

मास्तर : दिसतंय. वा. गवत सगळं एका अंगाला झुकलंय.

वडील : वारा खिडकीकडून येतो. म्हणून.

मास्तर : शेवाळ फक्त सावलीच्या बाजूला. पायवाट नदीपाशी रुंद झालीये, गुरं पाण्याला उतरतात तशी. गुरं कुठेच नाहीत, पण उतरतात ते कळतं. लिफ्टवाले, नव्वदच्या खाली जायला मला कारण सापडत नाही. पास व्हायला सत्तर लागतात.

वडील : बघ. ऐकलंस?

मुलगी : ऐकलं.

मास्तर : आता सवाल. नियमच आहे, मला आवडतं असं नाही. हे गवत झुकवलं कसं?

वडील : गवत ना. आधी डिंक लावायचा.

मास्तर : ते सगळेच लावतात. झुकवलं कसं?

वडील : झुकवलं... हातानंच की.

मास्तर : मुली, दात घासून दाखवू नकोस. उत्तर त्यांनी द्यायचंय.

वडील : टूथब्रशनं.

मास्तर : ओल्या का कोरड्या?

वडील : ओल्या.

मास्तर : ओला ब्रश डिंकाला लागला तर गवत ब्रशलाच येतं. बरं, जाऊ दे. ही झाडं कशाची?

वडील : झाडं.

मास्तर : हं. ही नदीकाठची. खोड इतकं खरं कसं आलं?

वडील : मास्तर, मला नाही माहीत.

मुलगी : बाबा, तुम्हाला माहीत आहे, आठवा. ती वाळक्या काड्या आणायची ना झाडाखालून...

वडील : नाही माहीत. खरंच नाही. इथे ह्या बाजूला माझी बटणं आहेत, सिग्नल आहेत. मी इकडे तोंड करून असायचो. ती मागं. सतरा वर्षं ती माझ्या पाठीमागं काम करत होती. काय करतेस, विचारलं की म्हणायची, तुम्ही तुमची गाडी बघा. मी गाडी बघायचो. कधी एकदा वळून, ब्रश ओला आहे की कोरडा, बघितलं नाही.

मुलगी : कोरडा होता. डिंक अर्धा वाळला की.

मास्तर : बरोबर.

वडील : तुला माहीत आहे.

मुलगी : मी बाहेरच्या बाजूनं बघायचे, बाबा. दारातून. आत जागा कुठे होती.

मास्तर : लिफ्टवाले, एक सांगू का? हे बाईंचं काम आहे ते मी आल्या आल्या ओळखलं. पण माझ्या हातात फॉर्म आहे आणि त्याच्यावर तुमची सही आहे. मी सहीला मार्क देऊन जाऊ शकतो. सवालांचं माझ्यावर आहे. दुसरा साक्षीदार नाही. बाईंच्याही मनात तेच असणार, तर मी कोण आडवा येणार? बोला.

वडील : ओळखलंत कसं?

मास्तर : ते सोडा. देऊ का?

वडील : आधी सांगा. आल्या आल्या कसं ओळखलंत?

मास्तर : वाईट वाटून घेऊ नका. हात बदललेला दिसतो.

वडील : कुठे?

मास्तर : कुठे काय, इथे. भेग होती तिथे. हे चार बोटं तुमचं आहे. चांगलं केलंय तसं, पण गवत कवायतीला उभं केल्यासारखं ताठ. वारा इथपर्यंत येतो आणि थांबतो. चार बोटं वाराच नाही. पुढे परत सुरू. आणि ही माती काय, पट्टी लावून सपाट केलीत? लिफ्टचा उंबरठा वाटतो.

वडील : लेव्हल लावली होती.

मुलगी : पाण्याची लेव्हल? डोंगराला?

वडील : सवय.

मास्तर : दगड पण. त्यांचे सगळे अंगठ्यानं दाबलेले आहेत, तुमचे सुरीनं कापलेले. अगदी रेघ मारून दाखवतो हवं तर.

वडील : मारा.

मास्तर : काय?

वडील : रेघ मारा. पेन्सिल असेल ना तुमच्याकडे. माझं इथून सुरू, इथे संपलं, अशी मारा. मला आतून सगळं एकच दिसतंय.

मास्तर : अहो, पण ती जमिनीवर दिसेल. मार्क मग...

वडील : मारा, मास्तर.

मास्तर : ही बघा. एक ही. आणि दुसरी... बॅटरी इकडे घे... ही. यात कुठेही त्यांचा हात नाही. मी लिहून देतो.

मुलगी : बरोब्बर भेगेवरच आहे, बाबा. केसभर इकडेतिकडे नाही.

वडील : तिचं जरा पण नाही त्यात?

मास्तर : गवताची काडी नाही.

वडील : मला वाटलं होतं, मिसळलं.

मास्तर : नाही मिसळलं.

वडील : आठ दिवस घातले.

मास्तर : दिसतात ते.

वडील : तो फॉर्म द्या इकडे. पेन पण.

मास्तर : विचार करा. खोडलंत तर अर्ज बाद. परत भरायचा तर देखावा नवा करावा लागेल, तुमच्या हातचा. या वयात, या गुडघ्यावर. बिल्ला राहतोच मग.

वडील : राहू दे. तिच्या नावानं काही देता येतं?

मास्तर : सभासद नव्हत्या त्या. सभासद नसलेल्यांना देत नाहीत. गेलेल्यांना तर...

वडील : विचारून बघितलं. घ्या तुमचा फॉर्म. खोडलंय.

मुलगी : आणि तो खिळा?

वडील : भिंतीला सवय झालीये त्याची. असू दे.

मास्तर : त्या चार बोटांना स्वतंत्र मार्क हवेत का? तीस देतो.

वडील : तीस?

मास्तर : पस्तीस. लेव्हल बरोबर आहे म्हणून.

वडील : ही घे गं करवत. दात खाली करून धर. जोर लावू नकोस.

मुलगी : मला शिकवू नका. मगाशी का नाही दिलीत?

वडील : मगाशी मला वाटत होतं, तिचं कापावं लागेल.

मुलगी : मास्तरकाका, बॅटरी तुम्ही धरा आता. रूळ जोडलेले नाहीत ना, बाबा?

वडील : रूळ सुटेच आहेत. ते कधी जोडले नव्हते.

मुलगी : बरं. हे बघा, रेघेच्या आतून चाललेय. दुखलं तर सांगा.

वडील : मला काय दुखणार?

मुलगी : सगळ्यांना विचारावं लागतं. तोंडात बसलंय.

मास्तर : पोरगी सफाईनं कापते हो.

वडील : आईवर गेलीये. माझ्यावर गेली असती तर लेव्हल मागितली असती.

मुलगी : निघाला तुकडा. हा घ्या. ठेवायचाय?

वडील : टाक. नाही, थांब. दे इकडे. बघू दे. खरंच की. ताठ उभं आहे सगळं.

मुलगी : दुसरा. हा पण आला. कडीवर पण लिंपलंय तुम्ही. एवढं कशाला?

वडील : दिसायची ती.

मुलगी : निघाली. गंजली नाहीये. उचलू?

वडील : पूल सांभाळ.

मुलगी : सांभाळतेय. आईसारखं एका हातानं नाही जमत मला. काका, तिकडून धरा. हं. आली. या आता. खांद्यावर हात टाका. तो पाय वाकवू नका, फरपटू दे.

वडील : थांब जरा. वळू दे.

मुलगी : आता काय राहिलं?

वडील : काही नाही. इथून बघितलं नव्हतं कधी. फळी वर असताना. नदीच्या खालची बाजू पण रंगवलीये तिनं.

मास्तर : ते मी धरलंच नव्हतं. त्र्याण्णव.

मुलगी : चला. उंबरठा आहे, पाय उचला. आता तुम्ही आठवडाभर माझ्याकडे. गुडघ्याचा फोटो काढायचा. वाद घालायचा नाही.

वडील : आठवडा. मग परत.

मुलगी : मग परत. पण ती कडी आतल्या बाजूला लावायची. मी येताना नवी घेऊन येते.

वडील : नवी नको. घरात आहे.

मुलगी : कुठे?

वडील : स्वयंपाकघरात, सुईदोऱ्याच्या डब्यात. तिनं तेव्हाच दोन आणल्या होत्या. मी म्हटलं, दुसरी कशाला. म्हणाली, ठेवा. लागेल.